हालचाल नाही

मी नेमकं काय काम करतो, हे वसमतजवळच्या आमच्या गावात १६ वर्षांत कुणाला समजलेलं नाही. पोरगा पुण्यात सीनियर इंजिनियर आहे, एवढं आईला पाठ आहे. पुढचं विचारलं की ती सांगते, "कसले तरी भोंगे करतो."

व्याख्या अचूक आहे. कामगाराच्या कमरेला लावायचं यंत्र आम्ही बनवतो. आत नखाएवढा ॲक्सिलरोमीटर. माणूस पडत असताना तो जवळपास शून्य दाखवतो, आपटला की आकडा उसळतो, आणि मग ३० सेकंद काही हललं नाही की भोंगा वाजतो. सुपरवायझरच्या मोबाइलवर मेसेज जातो : 'हालचाल नाही'. विहिरीत इंजिन चालवून गाळ काढणारा माणूस कार्बन मोनॉक्साइडनं बसल्या जागी कलंडतो. त्या वायूला वास नाही. काय झालं बघायला दुसरा उतरतो, तोही वर येत नाही. म्हणून आम्ही ठरवलं, पडला नाही, नुसता निश्चल बसला तरी वाजायचं.

तिथंच घोळ झाला.

हळद शिजवायच्या दिवसांत एक नग घरी नेला आणि आबांच्या कमरेला लावला. आबा सकाळभर कढईपाशी राबले, यंत्राचा चकार शब्द नाही. जेवून लिंबाखाली आडवे झाले आणि बोंब! उठले, माझ्या शिक्षणाचा उद्धार केला, पुन्हा आडवे झाले, पुन्हा बोंब. संध्याकाळी आबा पारावर गेले. पारावर तर यंत्राच्या हिशेबानं सामूहिक दुर्घटनाच होती.

शेजारच्या औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा व्हायची आहे. २०२३ मध्ये केंद्रानं २,६०० कोटी मंजूर केले. ४-४ किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या दहा हजाराव्या हिश्श्याइतका फरक पडला तरी टिपायचा. म्हणजे कुठंतरी दोन कृष्णविवरं धडकली तर औंढ्याला कळणार, आणि आबा बेशुद्ध आहेत की डुलकी काढताहेत, हे मला कळेना.

रात्री कोड उघडून वेळ दोन मिनिटांवर नेला. आबांची डुलकी दोन तासांची. तेवढा वेळ ठेवायचा तर भोंग्याऐवजी तेराव्याची पत्रिका छापलेली बरी.

लोक तरी कुठं ऐकतात! एका कारखान्यात रात्रपाळीच्या पहारेकऱ्यानं आमचं यंत्र टेबलफॅनच्या मानेला बांधून ठेवलं होतं. पंखा रात्रभर डावी-उजवीकडे बघायचा. आमच्या नोंदींत त्याच्याइतका दक्ष कामगार दुसरा नव्हता.

हा किस्सा मी आबांना सांगायला नको होता.

पुण्याला परतलो. आठवडाभर शांतता. मग एका रात्री सव्वादोनला मोबाइल वाजला : 'हालचाल नाही'. छातीत धस्स झालं. फोन लावला, आबांनी उचलला, पण बऱ्याच वेळानं.

"आबा, बरे आहात ना? यंत्र वाजतंय!"

"थांब, गोठ्यात जाऊन बघतो."

"गोठ्यात?"

चपला फरफटल्या, कडी वाजली.

"काही नाही रे. वासराच्या गळ्यात बांधलं होतं. निजलंय ते. तू बी नीज."