दाकारची याय

सेनेगलमधल्या दाकारच्या मेर्मोझ भागात परदेशी विद्यार्थ्यांना घरी ठेवून घेणाऱ्या बायांची एक वेगळीच जातकुळी आहे. विद्यार्थ्याने तिला ‘याय’ म्हणायचं, म्हणजे आई. ती राहायला येणाऱ्या प्रत्येकाची आई असते, मग तो वयाने तिच्याएवढा का असेना.

अभ्यासक्रमाच्या कचेरीने तिला सूचनांचा कागद दिलेला असतो : स्वतंत्र खोली, दाराला कुलूप, बाटलीतलं पाणी आणि अभ्यासाला निवांतपणा. यातलं पाणी ती देते. निवांतपणावर तिचा विश्वास नाही. माणूस दार लावून एकटा बसला, म्हणजे त्याला ताप तरी असणार किंवा कुणाचा राग तरी आलेला असणार. मग ती आधी नातवाला पाठवते, मग भाचीला, आणि शेवटी स्वतः येऊन पलंगावर बसते आणि मोबाईलवर मालिका लावते. आजारी माणसाला सोबत नको?

मी अशाच एका यायकडे राहायला गेले. पहिल्याच संध्याकाळी तिने माझं नाव विचारलं, दोनदा उच्चारून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. मी आवा जॉप झाले. आमच्याकडे नवरीचं नाव बदलताना निदान ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने लिहितात. इथे तेवढीही तसदी नाही. शिवाय आडनावाबरोबर जुनी भांडणंही अंगावर येतात. जॉप आणि न्जाय यांच्यात पिढीजात थट्टेचं नातं. शेजारच्या न्जायबाई पायरीवरूनच ओरडतात, “तुम्ही जॉप म्हणजे नुसते भाताचे हावरट!” मला जॉप होऊन पुरता दिवसही झाला नव्हता, तरी मी घराण्याच्या वतीने भांडले. याय इतकी खूष झाली की त्या दुपारी माझी शंभरी भरली.

कारण दुपारी चेबुजेन, म्हणजे मासे घातलेला भात. चटईवर एकच मोठं घमेलं, भोवती सगळं घर. आपल्यासमोरचा भात ही आपली हद्द. पलीकडे हात घालायचा नाही. मधला मासा, कोबी, कसावा याय बोटांनी मोडते आणि एकेकाच्या हद्दीत टाकते. पाहुण्याच्या हद्दीतला ढीग कमी होऊ द्यायचा नाही, हे तिचं परराष्ट्र धोरण. “सूर ना”, म्हणजे पोट भरलं, हे वाक्य आम्हाला वोलोफच्या, म्हणजे तिथल्या भाषेच्या, वर्गात आधीच शिकवलं होतं. ते ऐकून पोरगी बोलायला लागली म्हणून यायला भरून आलं, आणि त्या भरात तिने माशाचा आणखी एक तुकडा टाकला. वर “लेक्कुलो दारा!” काहीच खाल्लं नाहीस! शेवटी भांड्याच्या तळाची खरवड येते. तिच्यासाठी घरातली पोरं जीव टाकतात, म्हणून ती मुद्दाम पाहुण्याला.

युनेस्कोने २०२१ मध्ये हा पदार्थ मानवजातीच्या वारशात नोंदवला. त्या लोकांनी न्जायबाईंच्या हातचा खाल्ला नसावा, असं यायचं मत.

चेबुजेनला लागते कणी. आपण जी निवडून बाजूला काढतो, तीच तिथे मानाची. फ्रेंचांनी आपल्या राज्यात इंडोचायनातून आणून तिची चटक लावली. अख्ख्या दाण्यात रस्सा मुरत नाही, असं याय ठणकावून सांगते. हल्ली ही कणी मोठ्या प्रमाणावर येते भारतातून. आणि मी तिथे असतानाच, सप्टेंबर २०२२ मध्ये, भारत सरकारने कणीची निर्यात बंद केली. यायने भर घमेल्यासमोर मला जाब विचारला. देशाच्या काही भागांत पाऊस कमी झालाय, भाव चढलेत, असं मी माझ्या तुटपुंज्या वोलोफमध्ये सांगू लागले. तिने हात झटकला. “तू घरी फोन करतेस ना रोज? मग सांग त्यांना.”

पुढच्या वर्षी भारताने काही देशांना सवलत म्हणून ठरावीक कणी सोडली, त्यांत सेनेगल होता. मी तोवर साताऱ्याला परतले होते. यायचा भलामोठा आवाजी निरोप आला : आशीर्वाद, खाल्लंस का, पुन्हा आशीर्वाद. आवाने दिल्लीत शब्द टाकला, असं तिने गल्लीभर सांगितलंय, आणि न्जायबाईंना त्यावर उत्तर सुचत नाहीये.

मी अजून खुलासा केलेला नाही.