'ग्रेटेस्ट हिट्स'वाल्या परीक्षकांस

सन्माननीय परीक्षक महोदय,


रविवारी आमच्या गच्चीवरच्या 'एक बँड, एक अल्बम' कार्यक्रमात क्वीनचा प्रातिनिधिक अल्बम म्हणून आपण 'ग्रेटेस्ट हिट्स'ला पहिला नंबर दिलात. धन्य झालो! पुढच्या वर्षी उत्कृष्ट कादंबरीचं बक्षीस 'निवडक उतारे'ला द्या.

वर ठणकावलंत, "ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेला अल्बम आहे!" आहेच. पण खपच मोजायचा तर परीक्षक कशाला बोलावला? 'क्वीनचा गायक फ्रेडी आपल्या पाचगणीच्या शाळेतला' हेही खरं. त्याचा इथे काय संबंध, ते आपल्यालाच ठाऊक.

आमचा 'अ नाइट ॲट द ऑपेरा' (१९७५) मात्र 'विस्कळीत' म्हणून बाद! अहो, तो विस्कळीतपणा म्हणजेच क्वीन. जुन्या मॅनेजरवर दातओठ खाणारं पहिलं गाणं संपतं न संपतं, तोच रविवार दुपारचं मिनिटभराचं निवांत गाणं. त्यात फ्रेडीचा आवाज जुनाट वाटावा म्हणून तो हेडफोनमधून पत्र्याच्या बादलीत सोडला आणि तिथून पुन्हा रेकॉर्ड केला. बँडमधला टेलर मोटारीवर प्रेमगीत लिहितो, डीकन बायकोवर. 'गुड कंपनी'त जॅझचा अख्खा ताफा वाजतो, तो सगळा ब्रायन मेच्या गिटारमधून. असल्या गोतावळ्यात शेवटाकडे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' येते, तेव्हा ती चमत्कार वाटत नाही, घरचीच वाटते. आपल्या संग्रहात ती पहिलीच, आणि तिला लागून १९८०चं 'अनदर वन बाइट्स द डस्ट'. मधली पाच वर्षं गिळून टाकलीत आणि आम्हाला विस्कळीत म्हणता? लाज वाटायला हवी!

असो. चहाच्या वेळी आपण सांगितलंत, हॉस्टेलवर इंग्रजी गाण्यांची 'ग्रेटेस्ट हिट्स' हीच एक कॅसेट होती. मित्रानं भरून दिलेली, कव्हरवर बॉलपेननं लिहिलेली नावं, त्यातली निम्मी चुकलेली. तिथे माझा आवाज बसला. तेव्हा जे हाती लागे त्यावरच जीव जडायचा, आणि त्यावर कुणी कुणाला नंबर द्यावेत?

पण महोदय, आता सगळं फोनवर आहे. निकाल बदलू नका, ढाल आपल्या मेहुण्यांच्या घरी पोचलीच आहे. फक्त 'ऑपेरा' एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न उठता ऐका. त्रेचाळीस मिनिटं लागतात.

आपला,
दुसरा नंबर