माऊली मुक्कामाची, भाऊ बांधाचा

आषाढी वारीत तुकोबांची पालखी यवतला मुक्कामाला येते, तेव्हा घरोघरच्या भाकऱ्या काळभैरवनाथाच्या देवळात जमा होतात आणि मोठाल्या कढयांत पिठलं रटरटतं. वारकऱ्याचं ना गाव ठाऊक, ना गोत. तरी 'घ्या माऊली, अजून अर्धी' असा आग्रह चालतो. खाली वाकून पायाही पडतात.

त्याच भाकऱ्या पाठवणाऱ्या एखाद्या घरात डोकावा. कर्त्याचं सख्ख्या भावाशी बोलणं बंद. कारण काय, तर बांध वीतभर सरकला. (ट्रॅक्टरवाला दोघांचाही एकच, त्याच्याशी मात्र दोघांचं उत्तम.)

वारकऱ्याशी जमतं, कारण तो सकाळी वरवंडची वाट धरतो आणि त्याचं नाव आपल्या सातबाऱ्यावर नसतं. बहिणीशीही झकास जमायचं. २००५ साली वारसा कायदा बदलला, वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला आणि भाऊबीजेच्या ताटाशेजारी हक्कसोडपत्र येऊन बसलं. सही केली तर ताई, नाही केली तर 'दाजींनी कान भरले'.

जमिनीपायी नाती तुटतात, हे सरकारलाही उमगलंय. एकाची जमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात किमान १२ वर्षं असेल, तर अदलाबदलीसाठी २०२३ साली योजना आली. मुद्रांक शुल्क १,००० रुपये, नोंदणी १,०००. नाव: सलोखा. इतका स्वस्त सलोखा दुसरीकडे मिळायचा नाही. अट एकच अवघड, दोघांची संमती लागते. म्हणजे आधी एकमेकांशी बोलावं लागतं.