सोफ्यामागचे आजोबा

इंग्लंडात साठी ओलांडलेला एक गृहस्थ हमखास भेटतो. एरवी स्वतःविषयी चकार शब्द काढणार नाही. पण ‘डॉक्टर हू’चं नाव निघू द्या, लहानपणी आपली कशी पाचावर धारण बसायची ते छाती फुगवून सांगतो. शेजारचा म्हातारा त्याहून जास्त घाबरला होता असं कळलं, तर चेहरा पडतो.

बीबीसीवर ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ ला, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी सुरू झाली. तिचे एक जनक सिडनी न्यूमन यांनी बजावलं होतं, बटबटीत डोळ्यांचे राक्षस आणायचे नाहीत. महिनाभरात डालेक हजर! रेमंड कसिक यांनी घडवलेलं हे ध्यान म्हणजे मिरपुडीची माणसाएवढी डबी, आणि हाताच्या जागी तुंबलेलं बेसिन मोकळं करायचा रबरी प्लंजर. आत एक नट बसून पायांनी ते ढकलायचा. तरी त्याच्या खरखरीत यांत्रिक आवाजाने अख्ख्या देशातली पोरं गारठली.

आमचे गृहस्थ तेव्हा सोफ्यामागे लपायचे. निदान ते तसं म्हणतात. सासूबाईंचा सोफा भिंतीला चिकटून होता, असं बायको हळूच सुचवते. मग जबानी बदलते: दाराआड असेन, नाहीतर उशीमागे. मात्र बोटांच्या फटीतून बघत होतो, खोली सोडून पळालो नाही, हा मुद्दा ते शेवटपर्यंत सोडत नाहीत. आणि पळणार तरी कसे? सोमवारी शाळेत विचारलं असतं ना!

त्यांचा सगळ्यात लाडका घाव १९७० चा. दुकानातले प्लास्टिकचे पुतळे जिवंत होऊन शोकेसची काच फोडतात आणि रस्त्यावर उतरतात. काचेचे तुकडे उडताना आपण डोळ्यांनी पाहिलेत, असं आजोबा शपथेवर सांगतात. प्रत्यक्षात त्या प्रसंगात काच फुटताना दाखवलेलीच नाही. नुसता खळ्ळकन आवाज आहे. काच या पोरांनी स्वतःच फोडली, बीबीसीचा तेवढाच खर्च वाचला. कपड्यांच्या दुकानापुढून जाताना आजोबा अजूनही पुतळ्यांवर एक डोळा ठेवून असतात.

राक्षस कशाचे बनले होते हे त्यांना तोंडपाठ. १९७३ च्या अजस्र अळ्यांपैकी काही म्हणजे फुगवलेले निरोध होते (हे ते नातवंडांसमोर सांगत नाहीत), १९७५ चा किळसवाणा हिरवा संसर्ग म्हणजे रंगवलेला बबल रॅप. माहिती वाढली म्हणून भीती ओसरली, असं मात्र झालेलं नाही.

त्यांच्या लेखी खरी खलनायिका मेरी व्हाइटहाउस. टीव्हीवरच्या हिंसेविरुद्ध मोहीम उघडलेल्या या बाईंनी १९७६ मध्ये डॉक्टरचं डोकं पाण्यात दाबून धरल्याच्या दृश्यावर तक्रार केली, आणि बीबीसीने ते कापलं. आपल्या हक्काची भीती कुणी परस्पर कमी केली, हा राग आजोबा विसरलेले नाहीत.

हल्लीच्या मालिकेत दम नाही, हे त्यांचं ठाम मत. नातवंडं २००७ चा ‘ब्लिंक’ लावतात. त्यातले दगडी देवदूत आपली पापणी लवली की पुढे सरकतात. पोरं चिप्स चघळत बघत बसतात. आजोबांना नेमका तेव्हाच चहा टाकायला उठायचं असतं. किटली कधीची बंद झालेली असते आणि स्वयंपाकघरातून आवाज येत राहतो, “गेले का ते?”