सावकाश, पण उजवीकडून

गळीत हंगामात मोडनिंबजवळ पुणे-सोलापूर महामार्गावर सुरक्षिततेचे दोन पंथ एकमेकांना भेटतात. पहिला ताशी चाळीसवाल्यांचा. दुभाजकाला खेटून उजवी लेन धरायची, आरशात बघायचं नाही आणि मागून कुणी दिवा मारलाच तर ‘यांना कसली एवढी घाई!’ म्हणायचं. दुसरा पंथ चौपदरी रस्त्यावरची मोटारींची ताशी 100 किलोमीटरची मर्यादा म्हणजे पासिंगचे मार्क समजतो.

1964 साली अमेरिकेत डेव्हिड सॉलोमन या संशोधकाने वेगाचे आणि अपघातांचे आकडे मांडले, तेव्हा इतरांपेक्षा फार हळू जाणारेही अपघातात जास्त सापडलेले दिसले. हे शंभरवाल्यांना सांगू नका, लगेच फ्रेम करून लावतील. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, हे शाळेच्या पुस्तकातलं वाक्य मात्र त्यांनी ऑप्शनला टाकलेलं असतं.

या दोघांच्या मधोमध, रात्री, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चाललेला असतो. टेपचा आवाज असा की हॉर्न ऐकू येऊ नये. मागे दिवा नाही. रिफ्लेक्टरच्या जागी ‘आईचा आशीर्वाद’, तोही उसाच्या वाढ्यांनी झाकलेला. वेग ताशी वीस. स्पीडगनवाल्यांच्या लेखी हा रस्त्यावरचा सर्वांत शिस्तीचा माणूस.