उतारावरील बिनपगारी अधिकारी

मेलबर्नच्या दक्षिणेस पसरलेल्या पोर्ट फिलिप उपसागरात वसंत ऋतूत, म्हणजे तिकडे ऑक्टोबर महिन्यात, स्नॅपर मासा दाखल झाला, की त्याच्या मागोमाग मोटारींना ट्रेलर व ट्रेलरांवर बोटी जोडून निघालेल्या माणसांची जी रीघ वेरिबी साउथच्या रॅम्पवर, पाण्यात उतरत जाणाऱ्या त्या काँक्रीटच्या उतारावर, लागते, त्या रिघेत स्वतः कधी उभा न राहणारा, परंतु तिच्यावाचून ज्याचे जीवित निरर्थक ठरावे, असा एक सद्गृहस्थ प्रत्येक सुट्टीच्या दिवशी तेथे हजर असतो. घडीची खुर्ची, थर्मासमधील चहा आणि रुंद काठाची टोपी एवढ्या सरंजामानिशी तो उताराच्या माथ्याशी ठाण मांडतो. त्याला कोणी नेमलेले नाही, त्याच्यापाशी सनद नाही, वेतनाचा तर प्रश्नच उद्भवत नाही. तथापि आपल्याकडे ज्याला बिनपगारी फुल अधिकारी म्हणतात, त्या हुद्द्याचा कारभार तो निष्ठेने पाहतो. व्हिक्टोरिया सरकारने सार्वजनिक रॅम्पवरील शुल्क माफ केले, तेव्हा इतरांना आनंद झाला. याचा सल्ला पूर्वीपासूनच मोफत होता.

त्याचे ज्ञान कच्चे आहे, असे मात्र त्याचा शत्रूही म्हणणार नाही. लांबच्या प्रवासाने तापलेली चाके एकदम गार पाण्यात बुडविली, तर आतली हवा आकसून खारे पाणी बेअरिंगमध्ये शोषले जाते, दिव्यांची जोडणी न सोडता ट्रेलर पाण्यात नेला, तर गरम बल्ब तडकतात, ओहोटीने उघड्या पडलेल्या शेवाळावर चाके घसरतात, 4.8 मीटर किंवा त्याहून आखूड मोटरबोट चालू असताना तिच्या उघड्या भागातील प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घातलेच पाहिजे. हे सारे त्याला मुखोद्गत आहे. दोष असलाच, तर तो मुहूर्ताचा. लग्नाच्या मांडवात पंगत उठल्यावर मठ्ठ्यात मीठ कमी असल्याचे जाहीर करणाऱ्या दूरच्या काकांप्रमाणे, अचूक सल्ला नेमका निरुपयोगी झाल्यावर देण्याची सिद्धी त्याला लाभलेली आहे.

मेलबर्न कपच्या सुट्टीला, नोव्हेंबरातल्या पहिल्या मंगळवारी, पॉइंट कुकहून नवी कोरी बोट घेऊन आलेल्या साताऱ्याकडील एका अभियंत्यास याचा प्रत्यय आला. मोटार मागे घेताना त्यांनी चक्र उजवीकडे फिरविले, आणि ट्रेलर आज्ञाधारकपणे डावीकडे वळला. पाण्याच्या काठाशी उभ्या असलेल्या पत्नीने ओरडून सांगितले, "अहो, डावीकडे घ्या!"

"डावीकडे काय? गाडी की ट्रेलर?"

"मला काय विचारता? बोट तुम्ही घेतलीत!"

खुर्चीवरून इंग्रजीत फर्मान सुटले, की हात चक्राच्या तळाशी धरा आणि ट्रेलर जिकडे न्यायचा तिकडेच हात सरकवा. ते तंतोतंत खरे होते; परंतु तोवर मोटार आणि ट्रेलर यांच्यात काटकोन झालेला असल्याने पुढे जाऊन सारा प्रयोग आरंभापासून करणे प्राप्त होते. दुसऱ्या खेपेस ट्रेलर सरळ उतरला. उत्साहाच्या भरात बाईंनी उताराच्या मध्यावरच, बोट ट्रेलरवर ओढून धरणाऱ्या विंचचा आकडा सोडावयास हात घातला, तेव्हा मात्र तो गृहस्थ चहा सांडून उभा राहिला आणि "थांबा!" असे गरजला, कारण पाणी पुरेसे येण्यापूर्वी आकडा व साखळी सुटली, तर बोट समुद्राऐवजी काँक्रीटवर उतरते, आणि खाली उभ्या असलेल्या माणसाची गय करीत नाही. हा एवढा एक सल्ला त्याने वेळेवर दिला. बोट सुखरूप तरंगू लागली, बाईंनी दोर धरला, रांगेतल्या मंडळींनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मग त्याने खाली बसत शांतपणे विचारले, "बूच बसविले होते ना?"

त्या वेळी बोटीतल्या चपला तरंगत होत्या. बोट पुन्हा ट्रेलरवर चढविली गेली, ओढून वर आणली गेली, आणि ज्या भोकातून पाणी आत शिरले त्याच भोकातून ते, साऱ्या रांगेच्या साक्षीने, आरामात बाहेर पडले.

आता या गृहस्थाची स्वतःची बोट आहे किंवा नाही, ही शंका वाचकास येईल. आहे, पण ती कोणाच्या दृष्टीस पडत नाही, कारण तो उजाडण्यापूर्वी येतो. रॅम्पपासून दूर, मोकळ्या आवारात तो गाडी थांबवितो, बूच स्वतःच्या बोटांनी पिळून पाहतो, सामान चढवितो, मागचे पट्टे सोडतो, दोर बांधतो, आणि चाके निवेपर्यंत निमूट उभा राहतो. मगच तो उतारावर येतो, हँडब्रेक ओढतो, बोट सोडतो आणि जागा रिकामी करतो. परततानाही मोटरचा पंखा वर उचलणे, विंचने बोट पुरती ओढून साखळी अडकविणे, एवढेच तो तेथे करतो. पट्टे आवळणे, बूच काढणे वगैरे बाकीचा कारभार पुन्हा आवारात. सारांश, त्याच्यापासून शिकण्याजोगे जे आहे ते तो एकांतात करतो, आणि समुदायासमोर केवळ बोलतो. हाच त्याचा एकमेव आणि अक्षम्य अपराध होय.

म्हणून वाचकहो, त्या उतारावर जाण्याचा योग आलाच, तर त्या खुर्चीकडे खुशाल दुर्लक्ष करा. पण बूच मात्र आवारातच बसवा.