इंजिनाचं दुपटं

सिडनीतल्या माणसाने बोट घेतली की तो आधी फोटो पाठवतो आणि मग विमानाचं तिकीट काढायचा तगादा लावतो. आमच्या साडूभाऊंनी पाठवलेल्या फोटोत निळं पाणी होतं, हिरवे डोंगर होते, पांढरी बोट होती आणि सुकाणूपाशी खलाशाची टोपी घातलेले साडूभाऊ होते. इंजिन कुठल्याच फोटोत नव्हतं.

बोट ब्रुकलिनला होती. हे न्यूयॉर्कचं ब्रुकलिन नव्हे. सिडनी सेंट्रलवरून उत्तरेकडची गाडी धरली की तासाभरात हॉक्सबरी नदीकाठी हे गाव लागतं. अमेरिकेशी त्याचा संबंध आहे तो पुलापुरता. इथला १८८९चा रेल्वेपूल अमेरिकन कंपनीने बांधला. त्याचे खांब दगा देऊ लागले म्हणून शेजारी दुसरा पूल बांधून १९४६ साली गाड्या तिकडे वळवल्या. जुने दगडी खांब अजून पाण्यात उभे आहेत, पेन्शनर मंडळींसारखे. समोरच्या डँगर बेटावर रहिवाशांच्या मोटारी नाहीत, म्हणून तिथल्या धक्क्यावर एकचाकी हातगाड्या लावून ठेवलेल्या असतात. बोटीतून उतरायचं, आपली हातगाडी ओळखायची, किराणा तीत टाकायचा आणि ढकलत घरी जायचं. रस्ता नसलेल्या नदीकाठच्या घरांना १९१० पासून टपालही बोटीनेच जातं. हे सगळं साडूभाऊ मला हिंडवून दाखवणार होते.

"फक्त जरा तेलाचं बघू," ते म्हणाले, "मग निघूच."

बोटीच्या मागच्या अंगाला पायाखालच्या फळ्या उचलल्या की खाली इंजिन. चार सिलिंडरचं, इंग्रजी बनावटीचं, साडूभाऊंच्या लग्नाच्या आसपास जन्मलेलं. नाव सांगत नाही, कारण या वयात कोण कुठून गळेल त्याचा दोष जन्मदात्याला देऊ नये. इंजिनाखालच्या खोलगट भागात बोटीच्या पोटातलं पाणी साचतं. त्यावर काळ्या तेलाची साय धरली होती. मी पंपाच्या बटणाकडे हात नेला तर साडूभाऊ ओरडलेच. न्यू साउथ वेल्समध्ये २०१२चा सागरी प्रदूषणाचा कायदा आहे आणि तेलकट पाणी नदीत सोडणं हा गुन्हा आहे. मग ते पाणी आम्ही मगाने उपसून डब्यांत भरलं आणि डबे मरिनावरच्या जुन्या तेलाच्या टाकीपर्यंत वाहून नेले. हातगाडी बेटावर होती.

गळती म्हटली की आधी गळतंय काय ते ठरवायचं. लाल असेल तर बहुधा गिअरबॉक्सचं तेल, हिरवं असेल तर कुलंट, पातळ आणि नाकात झोंबणारं असेल तर डिझेल, काळं असेल तर इंजिन ऑइल. साडूभाऊंनी दोन बोटांत थेंब चोळला, हुंगला आणि अत्तरवाल्याच्या थाटात निकाल दिला, "इंजिन ऑइल." मरिनावरचा मेकॅनिक तर हुंगायलाही खाली वाकला नाही. थेंब इंजिनाच्या मागच्या टोकाला पडतोय एवढं वरूनच पाहून तो म्हणाला, मागचं सील गेलं.

हे मागचं सील म्हणजे क्रँकशाफ्ट इंजिनातून बाहेर येतो तिथला बंदोबस्त. त्या काळच्या कित्येक इंग्रज इंजिनांत तिथे चक्क ग्राफाइट लावलेला दोर बसवलेला असे. तो बदलायचा तर गिअरबॉक्स काढा, फ्लायव्हील काढा, आणि जागा नसेल (बोटीत ती कधीच नसते) तर अख्खं इंजिन उचला. सील स्वस्त, त्याच्यापर्यंत पोचणं महाग. खर्चाचा अंदाज ऐकून साडूभाऊंनी डोक्यावरची खलाशाची टोपी काढून हातात घेतली.

या डिझेल इंजिनांचा जनक रुडॉल्फ डिझेल १९१३ साली इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून रात्रीतून नाहीसा झाला. पुढे समुद्रात प्रेत मिळालं, पण घात की अपघात हे कोडं अजून सुटलेलं नाही. साडूभाऊंच्या इंजिनाशेजारी एक दुपार उकिडवं बसल्यावर मला ते फारसं कोडं वाटेना.

आम्हाला तारलं ते शेजारच्या बोटीवरच्या म्हाताऱ्याने. अनवाणी, अर्धी चड्डी, उभा जन्म डिझेल फिटर म्हणून गेलेला. त्याने इंजिनाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि दया नक्की कोणाची करावी हे न ठरवता म्हणाला, "मेट, आधी धुवा."

त्याचं म्हणणं असं की तेल गळतं एका जागी आणि ठिबकतं दुसऱ्याच. उतार मिळेल तसं ओघळतं, फिरत्या पुलीचा वारा लागला की मागे पसरतं, कडा सापडली की तिच्या कडेकडेने चालतं आणि सगळ्यात खालच्या बोल्टाच्या टोकाशी येऊन लोंबतं. म्हणून इंजिन लख्ख करायचं, कोरडं करायचं, वर पावडर मारायची, खाली पांढरं काहीतरी अंथरायचं आणि इंजिन चालवून ओल्या रेषेमागून खालून वर चढत जायचं. पांढरं काय, तर लहान मुलांची डायपर. तेल छान शोषतात आणि थेंब कुठे पडला ते दाखवतात.

सुपरमार्केटात दोन टकले गृहस्थ डायपरचं पुडकं आणि टाल्कम पावडरचा डबा घेऊन काउंटरवर उभे राहिले, तेव्हा तिथल्या मुलीने कौतुकाने विचारलं, नातू की नात? साडूभाऊ सवयीने खरं बोलले, "फोर सिलिंडर." तिने पावती पुढे केली.

धुण्यात दिवस गेला. इंजिनाचा मूळ रंग निळा आहे हे साडूभाऊंना बोट घेतल्यापासून प्रथमच कळलं. मग ताईंनी, म्हणजे साडूभाऊंच्या सौभाग्यवतींनी, सूत्रं हातात घेतली. आम्ही पावडरीचे थापे मारत होतो. त्यांनी आमच्या हातून डबा काढून घेतला, तळहातावर पावडर घेऊन हलकेच फुंकरली, खाली डायपरं नीट दुमडून सारली आणि म्हणाल्या, "आता तीट तेवढी लावायची राहिली."

दोर धक्क्याला बांधलेले ठेवूनच गिअर टाकला, म्हणजे इंजिनावर भार येतो. धक्का चरचरला. ताईंच्या पर्समधला आरसा आणि विजेरी घेऊन मी पोटावर आडवा. बराच वेळ काही नाही. मग पांढऱ्या पावडरीत दोऱ्याएवढी काळी रेघ उमटली. तिच्यामागून आरसा वर वर नेला. मागच्या सीलचा काही संबंधच नव्हता! रेघ पार डोक्यावरून, टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघत होती. तिथलं बुचाच्या लाकडाचं पॅकिंग कोणीतरी आवळून आवळून बाहेर फुगवलेलं. तेल तिथून इंजिनाच्या पाठीवरून उतरून बरोबर मागच्या सीलखाली ठिबकत होतं.

"पॅकिंग बदललं की झालं!" साडूभाऊंनी टोपी पुन्हा चढवली.

म्हातारा मान हलवत होता. एवढ्या जोराने तेल वर येतंच का? चालत्या इंजिनाच्या पोटात वाफ आणि धूर साठतो, तो बाहेर पडायला ब्रीदर नावाची नळी असते. ती तुंबली की दाब वाढतो आणि जे पॅकिंग सगळ्यात दुबळं त्यातून तेल बाहेर ढकललं जातं. त्याने नळी उपटली, टोक डोळ्याशी धरलं आणि मोठ्याने हसला.

नळीच्या तोंडाशी वाळलेल्या चिखलाचं घर होतं. बोट महिनोन्महिने उभी, नळी रिकामी. कुंभारमाशीला आणखी काय हवं? स्क्रूड्रायव्हरने टोकरल्यावर मातीच्या कप्प्यांतून चिमुकले कोळी बाहेर पडले, पाय मुडपून निपचित. माशी त्यांना डंख मारून लुळं करते आणि पिल्लांच्या शिदोरीला कोंडून ठेवते. म्हाताऱ्याला याचं मुळीच नवल नव्हतं. ऑस्ट्रेलियात या माशीने विमानंही सोडलेली नाहीत. २०१३ साली ब्रिस्बेनहून उडालेली एक एअरबस वेग मोजणाऱ्या नळीत असंच घर झाल्यामुळे परत फिरली होती.

"आमची आजी म्हणायची, कुंभारणीने घर केलं की घरात पाळणा हलतो," ताई म्हणाल्या आणि त्यांनी डायपरच्या पुडक्याकडे पाहिलं.

नळी साफ झाली, तिच्या तोंडाला जाळी बसली, नवं पॅकिंग बसलं. बोल्ट आवळताना मात्र वाद पेटला. म्हातारा म्हणे, बूच दबलं की थांबा. साडूभाऊंना राहवेना, "आणखी अर्धा आटा?" शेवटी ताईंनी पाना काढून घेतला आणि पोळ्यांच्या डब्यात ठेवून दिला. म्हाताऱ्याने पैसे घेतले नाहीत. लसणाची चटणी घेतली, चाखली आणि हे सीलंट म्हणून वापरता का, असं अत्यंत गंभीरपणे विचारलं.

नदी मी पाहिली ती परतीच्या दिवशी. साडूभाऊंनी पुलापलीकडच्या खाडीने मला वोंडाबाइन स्टेशनला सोडलं. या स्टेशनला मोटाररस्ताच नाही. पायवाटेने या, नाहीतर बोटीने. फलाट जेमतेम एका डब्याचा आणि गाडी हात दाखवला तरच थांबते. मी कोपरापर्यंत काळा झालेला हात वर केला. गाडी थांबली. गार्डने हाताकडे पाहिलं, मग सीटकडे पाहिलं, आणि मी मुकाट्याने दाराशी उभा राहिलो.

खालून बोटीतून साडूभाऊ काहीतरी उंच धरून हलवत होते. उलगडलेलं डायपर होतं. मधोमध एकच ठिपका, लाल.

"गिअरबॉक्स!" ते आनंदाने ओरडले. "तिकीट पुढे ढकला!"

गार्डने दार लावलं.